बाकांचे उत्तरायुष्य

चर्चमधील बाके आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की, ती उपासनेइतकीच जुनी असावीत असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः कित्येक शतके भाविक उभे राहून अथवा जमिनीवर गुडघे टेकूनच उपासना करीत. इंग्लंडमध्ये मध्ययुगाच्या उत्तरार्धात लाकडी बाके येऊ लागली. १६ व्या शतकातील धर्मसुधारणेनंतर प्रवचने लांबली, तेव्हा ती अपरिहार्य झाली.

बाकांमागोमाग मालकीही आली. १७ व्या आणि १८ व्या शतकांत तेथील सुखवस्तू घराण्यांनी आपल्या आसनांभोवती ओकच्या उंच फळ्यांचे कप्पे उभारले, त्यांना दारे बसविली. काहींनी आत शेकोटीही करून घेतली! भाड्याच्या बाकांवर क्रमांक असत. गरिबांच्या वाट्याला मधल्या वाटेतली साधी फळी येई. अमेरिकेतील अनेक कॅथलिक धर्मग्रामांतही १९ व्या शतकात बाकभाडे घेतले जाई. श्रीमंताला मानाची जागा आणि दरिद्र्याला उभे ठेवणे, हा पक्षपात संत याकोबाने आपल्या पत्रात निषिद्ध मानला आहे. त्याचा जणू सर्वांना विसर पडला होता.

१८१८ साली इंग्लंडमध्ये चर्चबांधणीस साहाय्य करणारी एक संस्था स्थापन झाली. तिच्या अनुदानाला मोफत आसनांची अट असे. १८३९ मध्ये केंब्रिज कॅम्डन सोसायटी निघाली. तिचे एक संस्थापक जॉन मेसन नील यांनी १८४१ मध्ये बाकांचा इतिहासच लिहून कप्प्यांवर प्रहार केला. आगमनकाळात गाइल्या जाणाऱ्या 'ओ कम, ओ कम, इमॅन्युएल' या गीताचे इंग्रजी भाषांतरकार ते हेच. पुढे असंख्य चर्चेसमधील कप्पे मोडण्यात आले; परंतु त्यांचे ओक सर्वत्र वाया गेले नाही. अनेक ठिकाणी तेच लाकूड भिंतींना अस्तर म्हणून बसविले गेले. माणसामाणसांत उभी असलेली भिंत अशी खऱ्या भिंतीला जाऊन टेकली.

त्या जागी आलेली उघडी बाके पुष्कळदा अमेरिकेच्या दक्षिण भागातून आणलेल्या राळयुक्त पाइनची होती. आज तेथील चर्चेस बंद होतात किंवा आसनरचना बदलते, तेव्हा ही बाके विक्रीस निघतात. सुतार आधी दडलेले खिळे शोधून काढतो, मग लांब फळी कापून आखूड करतो व बाजूचे कोरीव पाखे पुन्हा जोडतो. पाठीच्या फळ्यांची कपाटाला दारे होतात. घेणारे पुष्कळदा जुना क्रमांक तसाच राहू देतात.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम ११७१ सांगते की, उपासनेसाठी वाहिलेल्या वस्तू खासगी मालकीच्या असल्या तरी त्यांना आदराने वागवावे व त्यांचा अनुचित वापर करू नये. प्रत्येक बाक या कलमात बसेलच असे नाही. परंतु त्यामागील भाव बाकालाही लागू पडतो. आपल्या धर्मग्रामात जुनी बाके काढावयाची वेळ येईल, तेव्हा लाकडाला भाव किती मिळेल एवढेच पाहून भागणार नाही. त्या फळीवर यापुढे कोणाला बसावयास मिळेल, हेही आपण विचारले पाहिजे. बाकांचा इतिहास हाच प्रश्न आपल्यापुढे ठेवतो.