रात्रभर उपाशी, तरी सकाळी शुगर कशी?

"रात्री दोन चपात्या खाल्ल्या, नंतर तोंडात काही टाकलं नाही. मग सकाळी शुगर वाढली कशी?" अम्मी ग्लुकोमीटर माझ्यापुढे धरते आणि विचारते. मी भाषेचा शिक्षक. औषधाचं डॉक्टरांवर सोपवतो, पण या प्रश्नाचा माग काढता काढता थेट अर्जेंटिनात पोहोचलो.

इन्शुलिन 1921 साली टोरांटोत सापडलं, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. त्यानंतर बराच काळ मधुमेह म्हणजे स्वादुपिंडाचा बिघाड, एवढाच हिशेब चालला. साखर खाली आणणारा सापडला होता. वर नेणारा कोण, हे शोधण्याचं मोठं काम ब्युनोस आयर्सच्या बर्नार्डो उसाय यांनी केलं. (आईवडील फ्रेंच, त्यामुळे आडनावाचं स्पेलिंगही फ्रेंच. इंग्रजी पुस्तकात ते पाहून मी कितीतरी दिवस 'हौसे' म्हणत होतो.)

जन्म 1887 चा. चौदाव्या वर्षी विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राला प्रवेश, 1904 मध्ये पदवी. मग वैद्यकशास्त्र, आणि 1911 चा प्रबंध पियुषिका ग्रंथीवर. मेंदूच्या तळाशी लोंबणारी ही ग्रंथी आकाराने वाटाण्याएवढी. या वाटाण्याने त्यांना जन्मभर सोडलं नाही.

1919 मध्ये ते वैद्यकीय विद्याशाखेत शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्राध्यापकाने खाजगी दवाखाना न चालवता पूर्ण वेळ प्रयोगशाळेला द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. अशा आग्रहाने मित्र फारसे वाढत नाहीत, हे शिक्षकांना सांगायला नको.

प्रयोगांसाठी त्यांनी पुष्कळदा टोड, म्हणजे खडबडीत कातडीचे बेडूक, वापरले. ते तिकडे भरपूर आणि स्वस्त मिळत, आणि त्यांची पियुषिका काढणंही सोपं. स्वादुपिंड काढलं की प्राण्याला तीव्र मधुमेह होतो, हे आधीपासून माहीत होतं. उसाय यांनी अशा प्राण्यांची पियुषिकाही काढून पाहिली, आणि मधुमेह सौम्य झाला! पियुषिका नसलेल्या प्राण्याला इन्शुलिनचा थोडासा डोसही भारी पडे. उलट, याच ग्रंथीच्या पुढच्या भागाचा अर्क टोचला की साखर चढे. कुत्र्यांवरही हे प्रयोग झाले. वाचताना मन खट्टू होतं, ते लपवत नाही.

म्हणजे साखरेवर एकट्या इन्शुलिनची हुकूमत नाही, तिला समोरून विरोध आहे. पियुषिकेच्या पुढच्या भागातून येणारं वृद्धी संप्रेरक, जे मुलांची उंची वाढवतं, तेच इन्शुलिनचा जोर कमी करतं, हे पुढे शुद्ध संप्रेरक हाती आल्यावर स्पष्ट झालं. हे संप्रेरक गाढ झोपेत जास्त सुटतं. यकृत रात्रभर साखर रक्तात सोडत असतं, आणि ती आवरायला मधुमेहींचं इन्शुलिन कमी पडतं. अम्मीच्या सकाळच्या आकड्यामागचं हे एक कारण असू शकतं.

जून 1943 मध्ये अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली. ऑक्टोबरमध्ये सुमारे दीडशे नामवंतांनी खरी लोकशाही आणावी, अमेरिका खंडातल्या देशांच्या बाजूने उभं राहावं, असं निवेदन काढलं. त्यावर उसाय यांची सही होती. सह्या करणारे जे सरकारी पगारावर होते, त्यांना काढून टाकण्यात आलं. छप्पन्न वर्षांचा माणूस, चोवीस वर्षं वाढवलेली प्रयोगशाळा, आणि एका सहीत सगळं गेलं.

बाहेरच्या देशांतून बोलावणी आली. ते गेले नाहीत. खाजगी देणग्यांवर 1944 मध्ये त्यांनी स्वतंत्र संस्था उभी केली. ब्राउन मेनेंदेस, फोग्लिया, लुईस असे शागिर्द आणि सहकारी सोबत आले. एकाच्या नोकरीसाठी दुसऱ्यांनी आपली सुखाची खुर्ची सोडणं, हे मला त्या प्रयोगांइतकंच मोठं वाटतं. याच मंडळींनी मिळून लिहिलेला शरीरक्रियाशास्त्राचा ग्रंथ पुढे इंग्रजीतही गेला. 1945 मध्ये उसाय यांना विद्यापीठात परत घेतलं आणि 1946 मध्ये पुन्हा घरी बसवलं.

1947 चं वैद्यकाचं नोबेल जाहीर झालं तेव्हा ते विद्यापीठाबाहेरच होते. अर्धं पारितोषिक त्यांना, अर्धं कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला. लॅटिन अमेरिकेला विज्ञानातलं हे पहिलंच नोबेल. तरी सरकारच्या बाजूच्या वर्तमानपत्रांनी त्यामागे राजकारण असल्याची ओरड केली. विद्यापीठाचं दार उघडलं ते 1955 मध्ये, पेरॉन यांची सत्ता गेल्यावर. 1958 मध्ये देशाच्या नव्या संशोधन परिषदेचे ते पहिले अध्यक्ष झाले.

त्यांचा एक शागिर्द होता लुईस लेलुआर. उस्तादांना काढल्यावर तोही देश सोडून गेला, काही काळ कोरी दांपत्याच्या प्रयोगशाळेत राहिला आणि परत आला. त्याची नवी प्रयोगशाळा उसाय यांच्या संस्थेला लागूनच, एका लहानशा घरात थाटली गेली. विषय साखरेचाच, पण पेशीच्या आतला. 1970 चं रसायनशास्त्राचं नोबेल लेलुआरला मिळालं. ती बातमी ऐकायला त्र्याऐंशी वर्षांचे उसाय हयात होते. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये ते गेले.