सुंदरीचे अलंकार



लग्नाची अंगठी घ्यावी कशी, हा आजच्या भाषणाचा विषय. परंतु त्यासाठी मी आपणांस सराफकट्ट्यावर न नेता वाघूर नदीच्या काठी, अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात नेणार आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हे लेणे कोरवून भिक्षुसंघास अर्पण केले. तेथील एका चित्रात मान कललेली, डोळे मिटत आलेली एक स्त्री बसली आहे. दासी तिला सावरीत आहेत. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून येथील चित्रांच्या नकला करवून घेणारे जॉन ग्रिफिथ्स यांनी तिला ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हटले. पुढे अभ्यासकांनी तिची ओळख पटविली. ती सुंदरी, गौतम बुद्धांचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी. जवळच एक सेवक नंदाचा मुकुट घेऊन उभा आहे. मुकुट घरी आला, धनी आला नाही.

ही कथा अश्वघोषाने आपल्या ‘सौंदरनंद’ काव्यात सांगितली आहे. सुंदरी गालावर विशेषक, म्हणजे शोभेची वेलबुट्टी, रेखीत होती आणि नंद तिच्यापुढे आरसा धरून बसला होता. इतक्यात बुद्ध भिक्षेस येऊन विन्मुख परतल्याचे कळले. त्यांना वंदन करून येण्यास तिने पतीला निरोप दिला. अट एवढीच, की विशेषक वाळण्यापूर्वी परत यावे. नंदाने ती मान्य केली. पुढे भिक्षापात्र त्याच्या हाती आले, आणि मनात नसता, डोळ्यांतून आसवे गळत असता, त्याचे मुंडन झाले. ही वार्ता ऐकताच सुंदरीने आपले अलंकार दाही दिशांना फेकून दिले.

सोने तेच होते, वजनही तेच. ज्या शब्दामुळे ते अंगावर शोभत होते तो शब्द मात्र गेला होता. नंदाला उपदेश करण्यास अनेकजण पुढे आले आणि अखेरीस त्यालाही वैराग्याची गोडी लागली. सुंदरीचे मन विचारण्यास मात्र कोणी गेले नाही. अश्वघोष स्वतः बौद्ध; तरीही त्याने तिच्या शोकाला एक संपूर्ण सर्ग दिला, आणि अजिंठ्याच्या चित्रकाराने भिक्षूंच्याच निवासात तिला भिंतीवर बसविले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

अलंकार कोणाचा, याचा विचारही आपल्याकडे जुनाच आहे. दुष्काळ, धर्मकार्य, आजार किंवा बंदिवास, या प्रसंगीच पतीने स्त्रीधन वापरले तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. चालुक्य विक्रमादित्याच्या काळी कल्याणी येथे विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहून स्त्रीधनाची व्याप्ती आणखी वाढविली. १९६१ मध्ये हुंडा घेणे व देणे कायद्याने गुन्हा ठरले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधनावर पत्नीचीच मालकी असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा सराफाकडे जाताना सोन्याचा कस, घडणावळ आणि घट यांची चौकशी अवश्य करावी. पण हा पैसा मुलीच्या बापाला कर्जात लोटून तर येत नाही ना, आणि उद्या ती वस्तू तिच्याच स्वाधीन राहील ना, हेही घरच्या घरी विचारून घ्यावे.

संसारात बेबनाव आला तर मध्यस्थ लागतोच. पूर्वी हे काम वडीलधारी माणसे करीत. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने त्यासाठी समुपदेशकांची योजना केली. असा मध्यस्थ घरातला असो वा न्यायालयातला, त्याने दोघांचेही म्हणणे स्वतंत्रपणे ऐकावे, ऐकलेले चारचौघांत बोलू नये, आणि जेथे मारहाण आहे तेथे तडजोडीच्या नावाखाली बाईला पुन्हा त्याच उंबरठ्याआत लोटू नये. एकाचेच ऐकून दिलेला सल्ला कितीही थोर असला, तरी दुसऱ्याच्या दाराशी तो केवळ वार्ता म्हणून पोहोचतो.

अजिंठ्यास गेलात, तर सोळाव्या लेण्यात या चित्रापुढे घटकाभर थांबा. रंगांचे पोपडे पुष्कळ ठिकाणी गळून पडले आहेत. पण तिची कललेली मान अजून दिसते.