मद्रासची वाळू

शालेय भूगोलाच्या पुस्तकात 'सागरी लाटांचे कार्य' या मथळ्याचा एक पाठ असतो. नदी, वारा आणि हिमनदी यांच्या मागोमाग तो येतो, आणि वर्ष सरत आलेले असल्यामुळे बहुधा घाईने उरकला जातो. या पाठात तीन शब्द विद्यार्थ्यांकडून घोकून घेतात : खनन, वहन व संचयन. पैकी खननाचे वैभव मोठे. समुद्रकडा, सागरी गुहा, कमान, स्तंभ, तरंगघर्षित मंच अशी त्याची प्रजा, आणि प्रत्येकीची आकृती. या आकृत्या मुळात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील खडूच्या व चुनखडीच्या कड्यांवरून घेतलेल्या आहेत, हे त्या पाहताक्षणीच जाणत्यास कळते. शास्त्राचा मोठा भाग तिकडे वाढला, तेव्हा त्यात दोष देण्याजोगे काही नाही. संचयनाच्या वाट्यासही पुळण, वाळूचा दांडा आणि खाजण येतात. मधल्या वहनाच्या वाट्यास मात्र एक वाक्य येते : लाटा झिजलेले द्रव्य वाहून नेतात. कोठून, कोठे, किती आणि वाटेत कोणी अडविल्यास काय होते, यांविषयी पुस्तक मौन धरते.

याचे एक कारण उघड आहे. कड्याचे चित्र काढता येते, पुळणीचेही काढता येते. जे सतत चालू आहे आणि ज्याचा मागमूस उरत नाही त्याचे चित्र काढावयाचे कसे? परंतु किनाऱ्याचा माणसांशी जो इतिहास घडला, त्यातील बराच भाग या मधल्याच शब्दात दडलेला आहे, असे आमचे मत आहे. त्याचा सर्वांत बोलका पुरावा पाहण्यास डोव्हरला जावयास नको; तो मद्रासेस आहे. (शहराचे नाव १९९६ साली चेन्नई झाले, जुन्या काळाविषयी लिहिताना आम्ही जुनेच नाव ठेवीत आहोत.)

आधी थोडे लाटेविषयी. खोल समुद्रात लाट पुढे जाते, पाणी जात नाही. पाण्याचा कण जागच्या जागी वर्तुळ काढून जवळजवळ पूर्वस्थळी येतो. शेतातील उभ्या पिकावरून वारा वाहतो तेव्हा लहर बांधापर्यंत धावते आणि कणीस मात्र आपल्या ताटावरच राहते, तसेच हे. लाटेच्या लांबीच्या सुमारे निम्म्या खोलीपर्यंत ही हालचाल पोहोचते. शंभर मीटर लांबीची लाट पन्नास मीटर खोलीच्या आत आली की तिला तळ लागू लागतो. मग तिचा वेग मंदावतो, ती उंच होते आणि शेवटी फुटते. फुटल्यावर मात्र पाणी खरोखरच पुढे धावते. लाट किनाऱ्याकडे तिरकी आली असेल, तर हे पाणी वाळूस तिरके वर नेते. परतताना ते उताराने सरळ खाली येते. प्रत्येक लाटेस वाळूचा कण असा एक पाऊल बाजूला सरकतो. लाट दिवसातून हजारो वेळा फुटते, आणि वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. किनारा स्थिर दिसतो, पण त्याच्या अंगावरून वाळूची एक नदी वाहत असते.

कोरोमंडलच्या किनाऱ्यावर ही नदी वर्षातून दोनदा दिशा बदलते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत लाटा दक्षिणेकडून तिरक्या येतात आणि वाळू उत्तरेस जाते. ईशान्य मोसमीच्या महिन्यांत ती उलट दक्षिणेस फिरते. पण पहिला काळ लांब आणि दुसरा आखूड, म्हणून वर्षअखेर जमाखर्च मांडला तर शिल्लक उत्तरेकडे निघते. ही शिल्लक लाखो टनांची असते.

याच किनाऱ्यावर, जेथे ना खाडी ना भूशिर, अशा उघड्या जागी ईस्ट इंडिया कंपनीने १६३९ साली जागा मिळविली आणि पुढे सेंट जॉर्जचा किल्ला बांधला. त्या काळी समुद्र किल्ल्याच्या पूर्वेकडील दरवाजापासून हाकेच्या अंतरावर होता. जहाजे दूर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत. माणसे आणि माल काठावर आणण्याचे काम मसुला नावाच्या होड्या करीत. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याने शिवलेल्या असत. लाटेचा तडाखा बसला की त्या लवत, फुटत नसत. स्थानिक कारागिरांनी समुद्राशी जुळते घेण्याची ही युक्ती शोधून काढली होती, आणि दोनशे वर्षांहून अधिक काळ एका मोठ्या इलाख्याचा व्यापार तिच्यावर चालला. तथापि उतारू भिजत, माल बुडे आणि व्यापारी तक्रार करीत. १८६१ च्या सुमारास समुद्रात एक लोखंडी धक्का उभारला गेला. तो खांबांवर असल्यामुळे वाळू त्याच्या खालून निर्वेध जाई. पण लाटांपासून आसरा त्याने मिळत नसे.

तेव्हा खरे बंदर बांधावयाचे ठरले. डिसेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे राजा झालेले सातवे एडवर्ड, यांच्या हस्ते पायाभरणी झाली. विल्यम पार्क्स या अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे दोन भक्कम दगडी बाहू काठापासून समुद्रात नेऊन पूर्वेकडे तोंड असलेले एक कुंड करण्यात यावयाचे होते. काम संपत आले असता नोव्हेंबर १८८१ मध्ये चक्रीवादळाने त्याचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. पुन्हा आरंभ झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंदर पुरे झाले. वादळाची हकिकत सर्वांच्या ध्यानात राहिली, कारण ती एका रात्रीत घडली. बाहू समुद्रात शिरल्या दिवसापासून जे चालू झाले होते ते मात्र संथ होते.

दक्षिणेकडून येणारी वाळू दक्षिण बाहूशी अडली आणि तेथेच बसू लागली. काठ वर्षानुवर्षे पूर्वेस सरकला. सर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ हे १८८१ ते १८८६ पर्यंत मद्रासचे गव्हर्नर होते. (नाव वाचून मराठी वाचकांस दोन ओळखीची माणसे एकदम आठवतील, मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफचे हे चिरंजीव, आणि नाव ठेवले ते वडिलांच्या वरिष्ठाचे.) त्यांनी या नव्या वाळवंटाच्या कडेने फिरावयाचा रस्ता करविला आणि सिसिलीतील आठवणींवरून त्यास 'मरीना' हे नाव दिले. आज ती पुळण सरासरी तीनशे मीटर रुंद आहे. देशातील अत्यंत प्रसिद्ध पुळणींपैकी ही एक. पण तिचा बराच विस्तार बंदराच्या भिंतीने पाडलेला आहे, हे तेथे शेंगदाणे खात बसलेल्या माणसास सहसा ठाऊक नसते.

या वाळूवर इतिहासही पुष्कळ घडला. १९०७ साली बिपिनचंद्र पाल यांची व्याख्याने येथेच झाली, आणि त्रिप्लिकेनसमोरील ज्या जागी स्वराज्याच्या सभा भरत, तीस लोकमान्यांच्या नावावरून 'तिलक घाट' म्हणू लागले. परक्या सरकारने स्वतःच्या व्यापारासाठी भिंत घालावी, तिच्या आडोशास समुद्राने मैदान करून द्यावे आणि त्या मैदानावर त्याच सरकारविरुद्ध सभा व्हाव्यात, यात मौज आहे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. कूवम् नदीचे मुख याच वाढत्या वाळूने गुदमरले. तिच्या पाण्याच्या दुर्गंधीबद्दल शहरास दोष देतात आणि तो योग्यच आहे. पण मुखाशी दांडा बसलेल्या नदीस भरतीओहोटीचे पाणी धुऊन काढू शकत नाही, हेही त्यात धरावयास हवे.

बंदरासही या वाळूने सोडले नाही. दक्षिणेस जागा भरत आल्यावर ती बाहूच्या टोकास वळसा घालून पूर्वेकडील तोंडाशी येऊ लागली. १९०४ पासून १९१९ पर्यंत बंदराचा कारभार पाहणारे सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी हे तोंड बंद करवून ईशान्येस नवे उघडविले. वाळूच्या या प्रवासावर त्यांनी अभियंत्यांच्या सभेपुढे निबंधही मांडला. म्हणजे पहिल्या महायुद्धापूर्वीच मद्रासच्या वाळूचे गणित शास्त्रास पुरतेपणी कळलेले होते.

आता भिंतीच्या उत्तरेकडे चला. तेथे रॉयपुरम्, कासिमेडू, तोंडियारपेट आणि पुढे तिरुवोत्तियूर ही वस्ती. मासेमारांची, गोदीकामगारांची, गिरण्यांची. दक्षिण हिंदुस्थानातील पहिले रेल्वेस्थानक १८५६ साली रॉयपुरम् येथेच उघडले. या किनाऱ्यावरून वाळू पूर्वीप्रमाणेच उत्तरेस जात राहिली, पण दक्षिणेकडून तिची भरपाई येईनाशी झाली. आवक थांबली आणि जावक चालू राहिली तर दुकानाचे काय होते, हे सांगण्यास अर्थशास्त्र लागत नाही. काठ शेकडो मीटर आत आला. बंदर नसतानाही या बाजूस समुद्र आत सरत असे आणि दगडी बांध घालावे लागत, हे खरे. पण जे पूर्वी अधूनमधून होई, ते आता नित्याचे झाले. कोळ्यांची होड्या ओढावयाची आणि जाळी वाळविण्याची पुळण गेली. मागोमाग घरांच्या रांगा गेल्या. काठावर मोठमोठ्या धोंड्यांची भिंत रचण्यात आली. भिंतीमागील जमीन तिने राखली. पण ती वाळू निर्माण करीत नाही, आणि जेथे शेवटचा धोंडा संपतो तेथून समुद्र पुढच्या गावास हात घालतो. मग भिंत आणखी लांबवितात.

शालेय पुस्तकाच्या भाषेत या सर्व प्रकाराचे नाव 'समुद्राने केलेली किनाऱ्याची झीज' असे होईल. ते चूक नाही, पण फार अपुरे आहे. मरीना ही 'संचयनाची' आणि रॉयपुरम् ही 'खननाची' अशी दोन निरनिराळी उदाहरणे परीक्षेत लिहून मुलगा पुरे गुण मिळवील. ती एकाच जमाखर्चाची दोन पाने आहेत, एकीची भर ती दुसरीची तूट आहे, हे त्यास कधीच कळणार नाही. आणि या जमाखर्चात कोणाच्या नावे जमा पडली आणि कोणाच्या नावे खर्च, हा प्रश्न तर त्याच्या मनातही येणार नाही. जमेच्या बाजूस राजभवनांचा, कॉलेजांचा आणि फिरावयास जाणाऱ्या सभ्य मंडळींचा किनारा आहे. ही वाटणी कोणी मुद्दाम केली असे आम्ही म्हणत नाही. वाऱ्याची दिशाच तशी आहे. परंतु 'समुद्राने खाल्ले' म्हटले की नुकसानभरपाई मागावयाची कोणाकडे, हे उरत नाही.

शास्त्रास कळलेले राज्यकर्त्यांच्या व्यवहारात उतरतेच असे नाही. विशाखापट्टणचे बंदर १९३३ साली खुले झाले, तेथे तोंडाच्या रक्षणासाठी दोन जुनी जहाजे बुडवून आडोसा केला होता, आणि अडलेली वाळू यंत्राने उपसून उत्तरेच्या किनाऱ्यावर टाकण्याची सोयही करण्यात आली. हा शहाणपणा होता. तरीही १९८० नंतरच्या दशकात पाँडिचेरीस बंदराच्या भिंती समुद्रात घातल्या गेल्या, तेव्हा मद्रासची कथा जवळजवळ अक्षरशः पुन्हा घडली : दक्षिणेस वाळू साचली, उत्तरेस फ्रेंच वस्तीसमोरची सुंदर पुळण नाहीशी झाली आणि तिच्या जागी काळे धोंडे आले. २०१८ च्या सुमारास तेथे पाण्याखाली कृत्रिम खडक बसवून आणि वाळू टाकून काही भाग परत मिळविण्यात आला.

आमच्याकडील कोकणच्या मुलास हे सारे सहजी दिसत नाही, कारण त्याचा किनारा निराळा. डोंगराचे दात समुद्रात शिरलेले, आणि दोन दातांमधल्या प्रत्येक पुळणीची वाळू बहुतेक आपल्या चौकटीतच इकडून तिकडे फिरणारी. त्यास वहन शिकवावयाचे तर नकाशा पूर्वेचाच उघडावा लागेल. त्या नकाशावर मद्रासच्या उत्तरेस सध्या आणखी दोन बंदरे आहेत : २००१ साली सुरू झालेले एन्नोर आणि त्याच्या शेजारचे काटुपल्ली. दोहोंच्या भिंती समुद्रात गेलेल्या आहेत. त्यांच्या पलीकडे पुलिकतचे खाजण आहे, आणि खाजण व समुद्र यांच्यामध्ये वाळूची एक अरुंद पट्टी, जिच्यावर कोळ्यांची गावे वसलेली आहेत.