एक पाठ, अनेक कान

वर्गात मी कविता एकदाच म्हणतो; सारी मुले ऐकतात. संगणकांच्या जाळ्याला ही साधी गोष्ट उशिरा साधली. वीस जणांना एकच आवाज हवा, तर वीस प्रती धाडाव्या लागत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या स्टीव्ह डिअरिंग यांनी १९८९ साली नियम मांडले: साऱ्या गटाला मिळून एकच पत्ता, आणि प्रतही एकच. वाट फुटेल तिथे मधली यंत्रे तिच्या प्रती करीत. मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगोची सभा अशी वीस ठिकाणी ऐकू गेली.

पुढे तारेला हवेची जोड मिळाली. हवेतले बोलणे साऱ्यांना ऐकू जाते खरे. पण वाय-फायवर अशा सामुदायिक संदेशाची पोच फोन देत नाही. हरवले ते हरवलेच!

म्हणून, वाचकहो, कविता संपली की मी शेवटच्या बाकाला विचारतो, "पोहोचली का रे?"