घोड नदीचा मासा आणि कावेरीचा घोटाळा

घोड नदी आंबेगाव तालुक्यात आहुप्याजवळ उगम पावते, पुढे जुन्नरची कुकडी तिला मिळते आणि मग शिरूर येतं. आता या नदीचा आणि कावेरीतल्या माशांच्या ऱ्हासाचा काय संबंध, असं वाटेल. पण आहे!

कर्नल सायक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. दख्खनभर हिंडून त्याने मासेही नोंदवले आणि 1839 मध्ये त्यांची वर्णनं छापली. बरीचशी नावं त्याने इथल्याच लोकांच्या तोंडची घेतली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला 'खुद्री' आणि शिरूरजवळच्या घोडेतला 'मुसल्ला' हे त्यातलेच दोन.

पुढे गंमत झाली. कावेरीत पाठीवर उंचवटा असलेला एक प्रचंड महसीर सापडतो. त्याला कितीतरी वर्षं 'मुसल्ला' हेच नाव चिकटलं. म्हणजे व्हेरिएबल एक, व्हॅल्यू भलतीच. सायक्सचा मुसल्ला महसीर नाहीच, हे 2013 मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिलं.

इकडे 1970 च्या सुमारास लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाजवळ खुद्री महसीराचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं. काम खरंच मोलाचं. पण ही पिल्लं देशभर गेली, कावेरीतही गेली. 'महसीर तो महसीर' असा हिशोब. मत्स्यशास्त्रात 'साठा' म्हणजे आपापसात प्रजनन करणारा, इतरांपासून वेगळा असा माशांचा गट. तो ओळखल्याशिवाय पिल्लं सोडणं म्हणजे कुठली ब्रांच आहे ते न बघता मर्ज करणं.

कावेरीतल्या गळवाल्यांच्या 1998 ते 2012 च्या नोंदी पाहिल्या तर खुद्री वाढत गेला आणि उंचवट्याचा महसीर घटत गेला. बाकीचीही कारणं असतील. पण त्या माशाचं खरं शास्त्रीय नाव, टॉर रेमादेवी, नक्की व्हायलाच 2018 उजाडलं. तोवर तो अतिसंकटग्रस्त झालेला होता. ज्याला स्वतःचं नाव नाही, त्याला वाचवायचं कुठल्या यादीतून?

आज डिंभे धरणाच्या पाण्यावर विस्थापित आदिवासी कुटुंबं मासेमारी करतात. धरणांत सोडतात ते रोहू, कटला हे मूळचे गंगेकडचे. पोटाचा प्रश्न आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण बीज सोडण्याआधी घोडेत मुळात कोण राहतं, एवढं तरी मोजून ठेवायला हवं. सायक्सने ते बैलगाडीच्या काळात केलं होतं.