'डर्टी हॅरी'ची जुनी रिव्हॉल्व्हर: सेकंडहँड .४४ मॅग्नमची योग्य किंमत ठरते कशी?

क्लिंट ईस्टवूडचा 'डर्टी हॅरी' डिसेंबर १९७१मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यातल्या इन्स्पेक्टर हॅरी कॅलहनच्या हातातली लांब नळीची रिव्हॉल्व्हर त्याच्याइतकीच प्रसिद्ध झाली. ती होती 'स्मिथ अँड वेसन' कंपनीची मॉडेल २९. सिनेमानंतर तिची मागणी इतकी वाढली की काही काळ दुकानदार छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागू लागले.

आज अमेरिकेच्या जुन्या बाजारात अशा हजारो रिव्हॉल्व्हर आहेत. फोटोत अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन मॉडेल २९च्या किमतीत दुपटीचा फरक असू शकतो. बऱ्याचदा विकणाऱ्याला बंदुकीतलं काही कळत नसतं. आजोबा गेले, कपाट उघडलं आणि आत ही सापडली, अशी ती घरं असतात. तिथे चुकीच्या अंदाजाने शेकडो डॉलरचं नुकसान होतं. घेणाऱ्याने चूक केली तर पैशासोबत सुरक्षिततेचाही प्रश्न येतो. म्हणूनच ही किंमत नेमकी कशी ठरते, ते समजून घेऊया.

मॉडेल २९ म्हणजे नेमकं काय?

.४४ मॅग्नम हे काडतूस १९५५च्या अखेरीस आलं. जुन्या .४४ स्पेशल काडतुसाचं कवच लांब करून, त्यात जास्त दाब सहन होईल अशा पद्धतीने ते तयार करण्यात आलं. एल्मर कीथ या शिकारी-लेखकाने अशा ताकदवान काडतुसासाठी अनेक वर्षं आग्रह धरला होता. नाव .४४ असलं तरी गोळीचा व्यास .४२९ इंच, म्हणजे साधारण १०.९ मिलिमीटर असतो.

या काडतुसासाठी 'स्मिथ अँड वेसन'ने सहा गोळ्यांची मोठ्या चौकटीची रिव्हॉल्व्हर बनवली. सुरुवातीला तिला नुसतं '.४४ मॅग्नम' म्हणत. १९५७मध्ये कंपनीने मॉडेल क्रमांक सुरू केले आणि ती 'मॉडेल २९' झाली.

पहिला प्रश्न: ती कोणत्या काळातली आहे?

सिलिंडर बाहेर काढला की चौकटीवर मॉडेल क्रमांक दिसतो. २९, २९-२, २९-३ असा तो असतो. डॅशनंतरचा आकडा म्हणजे रचनेत झालेला बदल. किंमत ठरवताना सगळ्यात आधी तो पाहायचा.

• १९५७ पूर्वीच्या: यांच्यावर मॉडेल क्रमांक नसतो. अगदी पहिल्या रिव्हॉल्व्हरच्या चौकटीला पाच स्क्रू होते, नंतर चार झाले. संग्राहक यांना सर्वाधिक किंमत देतात.

• २९-२: १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९८२पर्यंत बनलेली. 'डर्टी हॅरी'चा काळ हाच. यात नळी आडव्या पिनेने पक्की केलेली असते आणि काडतुसाची कड सिलिंडरच्या आत बसते. बाजारात याला 'पिन्ड अँड रिसेस्ड' म्हणतात. हे दोन शब्द जाहिरातीत असले की किंमत चढते.

• २९-३ आणि पुढच्या: १९८२मध्ये पिन आणि आतली खाच दोन्ही गेली. याच दशकात धातूच्या लक्ष्यांवर नेम धरण्याच्या स्पर्धांत ही रिव्हॉल्व्हर जबर काडतुसांसह सतत वापरली गेली आणि तिच्या टिकाऊपणाच्या मर्यादा उघड झाल्या. कंपनीने मग आतले भाग मजबूत केले.

यातून एक गंमत तयार होते. संग्राहकाला जुनी हवी असते, तर रोज नेमबाजी करणाऱ्यासाठी नंतरची मजबूत आवृत्ती जास्त उपयोगाची. त्यामुळे 'योग्य किंमत' विचारण्याआधी ती कोणासाठी, हे विचारावं लागतं.

दुसरा प्रश्न: मूळ रूप किती शिल्लक आहे?

अमेरिकेत बंदुकीची अवस्था सांगण्यासाठी नॅशनल रायफल असोसिएशनच्या श्रेणी वापरतात. 'न्यू', 'परफेक्ट', 'एक्सलंट', 'व्हेरी गुड', 'गुड' आणि 'फेअर' अशी ती उतरंड आहे. दरवर्षी निघणारं 'ब्लू बुक ऑफ गन व्हॅल्यूज' मूळ रंगरूप किती टक्के शिल्लक आहे त्यावरून किंमत देतं.

इथेच घरच्यांची सगळ्यात महागडी चूक होते. जुनी रिव्हॉल्व्हर डागाळलेली दिसते म्हणून ती विकण्याआधी घासून, पॉलिश करून, नव्याने निळा-काळा रंग चढवून आणतात. ती चकाचक दिसते, पण संग्राहकाच्या दृष्टीने मूळ रूप कायमचं गेलेलं असतं. तांब्याचं जुनं नाणं चिंचेने घासून चकचकीत करण्यासारखाच हा प्रकार.

नंतर चढवलेला रंग ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. कोरलेली अक्षरं पुसट होतात, धारदार कडा गोलसर होतात आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट दिसतात. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतील तर कुणीतरी ती घरी उघडली आहे, असं समजावं.

तिसरा प्रश्न: ती नीट चालते का?

तपासणीआधी मालकाची परवानगी घ्यायची. सिलिंडर बाहेर काढून सहाही खण रिकामे असल्याची खात्री स्वतः करायची आणि नळी सुरक्षित दिशेलाच ठेवायची. सिनेमात दाखवतात तसा मनगटाला झटका देऊन सिलिंडर बंद करायचा नाही. त्याने सिलिंडर धरणारा दांडा वाकतो. त्यानंतर या गोष्टी पाहायच्या:

१. टायमिंग: घोडा अंगठ्याने अगदी हळू मागे ओढा. तो पूर्ण मागे जाण्याआधी सिलिंडर जागेवर 'टक्' करून अडकला पाहिजे. सहाही खणांसाठी हे करून पाहा. खण नळीसमोर नीट आला नाही तर गोळी झाडताना शिशाचे तुकडे बाजूला उडतात आणि शेजारी उभा असलेला माणूस जखमी होऊ शकतो.

२. घोड्याची पकड: मागे ओढलेला घोडा अंगठ्याने हलका पुढे रेटा. तो आपोआप पडला तर रिव्हॉल्व्हर असुरक्षित आहे.

३. सिलिंडरची हालचाल: बंद सिलिंडर पुढे-मागे जाणवण्याइतका हलत असेल तर ती भरपूर वापरली गेली आहे.

४. नळी आणि सिलिंडरमधली फट: मेकॅनिककडे असते तशा फीलर गेजने ती मोजतात. साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर चालते.

५. नळीची आतली बाजू: गंजाचे खड्डे आहेत का, मागच्या तोंडाला तडा आहे का, आणि वरच्या पट्टीवर ज्वाळेने खोल खाच पडली आहे का, हे टॉर्च लावून बघा.

सिलिंडरभोवती दिसणारी बारीक रेघ मात्र वापराची नैसर्गिक खूण आहे. तिला घाबरायचं कारण नाही. मॅग्नमचा धक्का इतका जोरदार असतो की अनेक मालक मोजक्याच गोळ्या झाडून ती कपाटात ठेवतात. त्यामुळे वय पन्नास, पण वापर नगण्य, अशा रिव्हॉल्व्हर सापडतात.

डबा आणि कागद यांना किंमत आहे का?

आहे, आणि चांगलीच. मूळ लाकडी पेटी, साफसफाईची साधनं, पुस्तिका, मूळ लाकडी मूठ हे सगळं जपलेलं असेल तर भाव वाढतो. मूठ बदलून रबरी बसवली असेल तर मूळ मूठ घरात शोधावी, कारण तिलाही स्वतंत्र गिऱ्हाईक असतं. अनुक्रमांकावरून ती कारखान्यातून कधी आणि कशी बाहेर पडली, हे सांगणारं ऐतिहासिक पत्र पैसे भरून मागवता येतं. 'ही सिनेमातलीच' असा दावा कुणी केला तर कागद मागायचा. कागद नसेल तर त्या दाव्याचे पैसे शून्य.

मग आकडा कसा काढायचा?

ऑनलाइन जाहिरातीत दिसते ती विक्रेत्याची अपेक्षा असते. बघायचं ते पूर्ण झालेल्या लिलावांकडे. तोच डॅश क्रमांक, तीच नळीची लांबी आणि तीच अवस्था असलेल्या अलीकडच्या चार-पाच विक्री काढा. एखादा आकडा अवास्तव असेल तर तो सोडून द्या.

समजा, अशा रिव्हॉल्व्हर १४०० ते १६०० डॉलरला गेल्या. समोरच्या रिव्हॉल्व्हरचं टायमिंग बिघडलं असेल तर कारागिराचा खर्च आणि थोडी जोखीम वजा करा. मूळ पेटी असेल तर काही रक्कम वाढवा. लिलावगृहाचं कमिशन, पाठवणी आणि कर धरायला विसरू नका. दुकानदार याहून बरीच कमी रक्कम देऊ करेल. त्याला नफा काढायचा असतो आणि माल पडून राहण्याची जोखीमही त्याचीच. म्हणून विकणाऱ्याने किमान दोन-तीन ठिकाणी विचारावं.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी काय लक्षात ठेवावं?

एका राज्यातल्या व्यक्तीने दुसऱ्या राज्यातल्या व्यक्तीला हँडगन विकायची तर व्यवहार परवानाधारक डीलरमार्फतच करावा लागतो आणि तिथे पार्श्वभूमी तपासणी होते. राज्यांचे नियम त्याहून कडक असू शकतात. एच-१बी किंवा एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना काही मोजके अपवाद वगळता बंदूक बाळगायला संघीय कायद्याने बंदी आहे. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही. त्यामुळे सौदा कितीही स्वस्त असला तरी आधी आपला व्हिसा पाहायचा.

भारतात हेच गणित लागू होतं का?

नाही. शस्त्र अधिनियम १९५९नुसार परवान्याशिवाय अशी बंदूक बाळगणं गुन्हा आहे आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. १९८०च्या दशकापासून आयातीवर कडक निर्बंध असल्याने जुन्या परदेशी बंदुकांचे भाव इथे टंचाईवर ठरतात. अमेरिकेतल्या किमतीला डॉलरच्या दराने गुणून इथला भाव काढता येत नाही. तिथे घेतलेली रिव्हॉल्व्हर बॅगेत टाकून घरीही आणता येत नाही.