अर्धा कोयता: बाईचे हाल, भूत आणि हसू



आजचा विषय कळल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की बाईचे हाल आणि विनोद ही जोडी जमायची कशी? आणि त्यात पुन्हा जादूई वास्तववाद! प्रश्न रास्त आहे. पण सिनेमाकडे जाण्याआधी आपण एका हिशेबाच्या वहीकडे जाऊ. ही वही बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या मुकादमाची.

या वहीत 'कोयता' म्हणजे ऊस तोडायचं हत्यार नव्हे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल द्यायची ती कोयत्याला. एकटा माणूस असेल, विधवा असेल, सोडलेली बाई असेल, तर तो झाला अर्धा कोयता. एखाद्या दिवशी काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळी आली म्हणून बाई कोपीत पडून राहिली तरी तो खाडाच. दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसं गाव सोडून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती या भाषेत मोजली जातात.

या मोजदादीचं पुढे काय होतं, ते 2019 साली सगळ्या देशानं वाचलं. शासनानं नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण दर सहा बायकांमागे एक. गावात याला शस्त्रक्रिया म्हणत नाहीत. 'पिशवी काढली' म्हणतात. बाजाराची पिशवी खुंटीवरून काढावी, इतक्या सहज.

आता आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा त्या अंगानं एक गोष्ट सांगणं भाग आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यानं 1900 साली हास्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जिवंत माणूस यंत्रासारखा, वस्तूसारखा वागू लागला की आपल्याला हसू येतं. आणि हसायचं तर मन घटकाभर बधिर असावं लागतं. घसरून पडणाऱ्या माणसाला आपण हसतो ते यामुळे. मग प्रश्न असा, की जिथे माणसाला वहीतच हत्यार करून टाकलंय, तिथे हसू यायला हवं का? येत नाही. घशात काहीतरी अडकतं. ते जे अडकतं, त्याला आपण काळा विनोद म्हणतो.

आणि जादूई वास्तववाद? हा शब्द मुळात चित्रकलेतला. फ्रान्झ रो या जर्मन समीक्षकानं तो 1925 साली वापरला. पुढे 1949 साली क्युबाचा लेखक अलेहो कार्पेंतिएर यानं म्हटलं, की आमच्याकडे अद्भुत कल्पनेतून आणावं लागत नाही, ते वास्तवातच पडलेलं आहे. मग मार्केसची कादंबरी आली, 1967 साली, आणि शब्द जगभर गेला. या प्रकाराची खूण एकच लक्षात ठेवा: अशक्य गोष्ट घडते आणि कोणीही दचकत नाही. भयकथेत भूत आलं की लोक किंचाळतात. जादूई वास्तववादात भूत आलं तर त्याला पाट मांडून चहा देतात.

या खुणेनं पाहिलं तर ती मुकादमाची वही काय आहे? माणसाचा कोयता होतो, बाईची पिशवी निघते, आणि कोणीही दचकत नाही. आमचं आजचं सांगणं एवढंच आहे. बाईच्या हालांवरच्या चांगल्या सिनेमात भूत किंवा विनोद येतो तो दुःख गोड करायला येत नाही. आपलं हरवलेलं दचकणं परत आणायला येतो. जिथे तो हे करत नाही, तिथे तो फसतो.

हे आपल्याकडे परदेशातून आलेलं नाही, हे आधी पाहू. अंबाजोगाईची योगेश्वरी कोणाला माहीत नाही? कथा अशी, की देवी कोकणातून निघाली, परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं होतं. मुहूर्त टळला. लग्न झालं नाही. वऱ्हाड दगडाचं झालं आणि देवी अंबाजोगाईतच कुमारिका म्हणून राहिली. परळी तिथून पंचवीस-एक किलोमीटरवर. आपण ही कथा श्रद्धेनं ऐकतो, ऐकावी. पण एक वेळ बाईच्या बाजूनंही ऐका. लग्न मोडल्यावर वऱ्हाड दगड होतं, आणि जिचं लग्न मोडलं ती दगड होत नाही, ती देवी होते. मोडलेल्या लग्नाचा डाग नेहमी मुलीच्या कपाळी येतो. या एका कथेत तो वऱ्हाडावर आला.

दुसरं उदाहरण गोदावरीपलीकडचं, पैठणचं. नाथांचं ते भारूड आठवा, ज्यात एक सासुरवाशीण भवानीला रोडग्याचा नवस बोलते. मागते काय? सासरा, सासू, नणंद, एकेक करून दूर कर म्हणते, आणि शेवटी आपल्याला एकटीला राहू दे म्हणते. आध्यात्मिक अर्थ आपल्याला ठाऊक आहे: विकार सुटावेत, जीव एकटा उरावा. पण चारशे वर्षं अंगणात बसलेल्या बायका हसत आल्या, त्या फक्त आध्यात्मिक अर्थाला हसल्या असतील असं समजणं म्हणजे बायकांना ओळखत नसणं. जे घरात उच्चारता येत नव्हतं ते देवाच्या नावाखाली चव्हाट्यावर उच्चारलं जात होतं. जात्यावरच्या ओवीचंही तेच. सासरचा छळ तिथे जात्याच्या घरघरीत सांगितला जाई. गी पॉइतवाँ आणि हेमा राइरकर यांच्या प्रकल्पानं महाराष्ट्रभरातून लाखावर ओव्या जमवल्या. 1996 साली ते माजलगावच्या भीमनगरातही आले होते, आणि तिथल्या बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या.

मग रंगभूमी. देवलांचं 'शारदा', 1899. पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप कांचनभट, गुडघ्याला बाशिंग बांधलेला भुजंगनाथ, मध्ये दलाली खाणारा भद्रेश्वर. प्रेक्षक पोट धरून हसले. पण लग्न मोडतं कशानं, ते पाहा. मुलगी नको म्हणते म्हणून नाही. वधूवर सगोत्र निघतात म्हणून! मुलीच्या नकाराला वजन नाही, गोत्राला आहे. आम्हाला वाटतं, त्या नाटकातला सर्वांत काळा विनोद हाच.

आणि हा विनोद जुना झाला असं कोणी समजू नये. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 43.7 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आई-बाप तोडीला जाणार, वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, हे एक कारण. लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो आणि त्यावर उचल मिळते, हे दुसरं. कांचनभट गेला, वही राहिली.

सिनेमात हा धागा 1937 साली 'कुंकू'नं उचलला. प्रभातचा चित्रपट, दिग्दर्शक शांतारामबापू, नीरा झाल्या शांता आपटे, म्हातारा नवरा केशवराव दाते. पार्श्वसंगीत नाही, घरातलेच आवाज. आणि भिंतीवरचं ते घड्याळ, जे बघता बघता म्हाताऱ्याचंच रूप होऊन बसतं. वस्तूला असा जीव फुटणं ही आपल्या पडद्यावरच्या अद्भुताची फार शांत सुरुवात आहे. नीरा गोत्राची वाट पाहत नाही. ती स्वतः नाही म्हणते, आणि घर तिच्या 'नाही'भोवती फिरू लागतं. 1982 च्या 'उंबरठा'त जब्बार पटेल आणि स्मिता पाटील यांनी संपूर्ण वास्तववादी वाट धरली, ती फार मोलाची. तिथे विनोद नाही, चमत्कार नाही. दार उघडतं आणि बाई बाहेर पडते, बस.

मग गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुन्हा भुतं का आली? आमच्या मते, वास्तवच असं झालं की सरळ दाखवलं तर खोटं वाटावं. 2001 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या. 2011 साली 807. राज्यात सर्वांत कमी. 2012 साली परळीत गर्भपाताच्या वेळी एका बाईचा मृत्यू झाला आणि ते प्रकरण देशभर गाजलं. या दोन जनगणनांच्या अधेमधे, 2003 साली, मनीष झा यांचा 'मातृभूमी' आला. बाईच न उरलेलं गाव, आणि पाच भावांशी लग्न लावलेली एक मुलगी. तेव्हा लोक म्हणाले, ही अतिशयोक्ती. डिसेंबर 2022 मध्ये आपल्या शेजारच्या सोलापुरात लग्न न जमणारे तरुण नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. मागणी काय? गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा. कुठल्या लेखकानं हा प्रसंग लिहिला असता तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं.

2017 साली विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' आला. उसाच्या फडातलं एकाकी घर, पोटुशी नेहा झालेल्या पूजा सावंत, तुळसाबाई झालेल्या उषा नाईक, आणि लपाछपी खेळणारी पोरं. उसातच नाहीशा केलेल्या मुलींची गोष्ट सांगावी, यात मोठं औचित्य आहे. शेवटी कळतं, भिण्यासारखं जे आहे ते मेलेल्यांपेक्षा जिवंतांत जास्त आहे. त्याच दिग्दर्शकानं 2021 साली तो 'छोरी' नावानं हिंदीत केला. चित्रपट चांगलाच आहे. तरी एक सांगावंसं वाटतं. त्याचा भर घरातल्या अंधश्रद्धेवर आहे, आणि आपल्या जिल्ह्यात मुली अंधाऱ्या घरात नाहीशा झाल्या नाहीत. त्या ट्यूबलाइटच्या उजेडात, यंत्राच्या पडद्यावर, फी भरून नाहीशा झाल्या. भुतावर सगळं टाकलं की मुकादम सुटतो, डॉक्टर सुटतो, आणि हुंडा मोजणारे आपणही सुटतो.

2022 चा 'डार्लिंग्ज' उलट बाजूनं येतो. मारकुट्या नवऱ्याला बायको आणि सासू घरातच बांधून घालतात. काहींना हा पुरुषांचा अपमान वाटला. पण त्या हसण्याची दिशा पाहा. मार खाणाऱ्या बाईला कोणी हसत नाही. 'दारूमुळे होतं हो त्याच्याकडून' या आपल्या सर्वांच्या लाडक्या सबबीला तो चित्रपट हसतो. आणि 2024 चा करण कंधारी यांचा 'सिस्टर मिडनाइट': लग्न होऊन मुंबईत एका खोलीत येऊन पडलेली उमा, म्हणजे राधिका आपटे. स्वयंपाक येत नाही, नवऱ्याशी बोलणं होत नाही, आणि हळूहळू तिला रक्ताची तहान लागते. मेलेल्या बकऱ्या उठून तिच्यामागे चालू लागतात. शेजारीण झाल्या आहेत छाया कदम. इथे चमत्काराचं स्पष्टीकरण कोणी देत नाही. आपल्याला मात्र उमगतं, की एका खोलीत अनोळखी माणसाबरोबर जन्म काढ असं मुलीला सांगणं, हीच मुळात विलक्षण गोष्ट होती. ती इतकी नेहमीची झाली, की ती दिसण्यासाठी बकऱ्या उठवाव्या लागल्या.

तेव्हा असा चित्रपट पाहताना दोन प्रश्न जवळ ठेवा. हसू कोणाच्या खर्चानं येतंय? बाईच्या खर्चानं येत असेल तर तो तमाशातला जुना टाळीचा विनोद आहे, त्याला काळा म्हणून मोठेपणा देऊ नये. आणि भूत निघून गेल्यावर आपण कुठे पोचतो? घरी निवांत पोचलो, तर चित्रपट करमणूक झाला. त्या वहीकडे परत पोचलो, तर त्यानं काम केलं.

आणि वही बंद झालेली नाही. मुकादम उचल देतोच आहे, कोयते मोजले जातच आहेत. या मालिकेचे श्रोते बीड, केज, धारूर, आष्टीपासून परदेशापर्यंत आहेत. त्यातल्या कित्येकांच्या चहात पडणारी साखर याच मोजदादीतून येते. पुढच्या वेळी कोणी सहज म्हणालं, की अमकीची पिशवी काढली, तर तो शब्द ओलांडून पुढे जाऊ नका. वय काय तिचं, कोणी सांगितलं काढायला, दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं होतं का, एवढं तरी विचारा. नाथांच्या भारुडातल्या सासुरवाशिणीला निदान नवस बोलायला भवानी होती. या बायकांचं ऐकायला माणसं असली तरी पुरे.